शोभेची दारू आणि निनावी पेटी

गणपतीची मखरे अजून उतरलेली नसतात, पावसाचाही पाय पुरता निघालेला नसतो, तोच तामिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील शिवकाशीहून शोभेच्या दारूने भरलेले ट्रक देशाच्या चारी दिशांना सुटू लागतात. मुंबईच्या वाटेला लागलेला ट्रक मदुराई, सेलम, होसूर करीत बंगळूर गाठतो आणि तेथून हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे ही गावे मागे टाकीत खंडाळ्याचा घाट उतरतो. सुमारे १५०० किलोमीटरांची ही वाट. या वाटेवर तो टोलनाक्याच्या रांगेत उभा राहतो, पंपावर डिझेल भरतो, ढाब्याच्या अंगणात रात्र काढतो; आणि त्याच्या आगेमागे आपल्या मोटारी व एसटीच्या गाड्या असतात. या ट्रकात काय भरले आहे हे त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसास ठाऊक असते काय? पुष्कळ वेळा तर आम्हांस असे विचारावेसे वाटते की, तो ट्रक हाकणाऱ्या माणसास तरी ते ठाऊक असते काय?

याच वाटेवर, होसूर सोडून कर्नाटकात शिरताच, अत्तीबेले नावाचे गाव लागते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी दुपारी तेथील फटाक्यांच्या एका दुकानवजा गोदामापाशी गाडीतून खोकी उतरविण्याचे काम चालले असता आग लागली. किमान १४ माणसे प्राणास मुकली. दिवाळीच्या हंगामापुरती मजुरी करून चार पैसे मिळवावेत म्हणून तामिळनाडूतून आलेली तरुण मुले त्यांत पुष्कळ होती. काही तर अद्याप शिकत होती. ही आग कारखान्यात लागली नाही, की कुणाच्या अंगणात फुलबाज्या पेटविताना लागली नाही. गाडीतून माल उतरून दुकानात जावयाचा, त्या चार पावलांच्या अंतरात ती लागली.

आपल्याकडे फटाक्यांविषयी जी चर्चा होते ती दोन टोकांना होते. एक टोक शिवकाशीच्या कारखान्याचे, दुसरे आपल्या गल्लीतील धुराचे आणि आवाजाचे. या दोन टोकांना जोडणारा जो रस्ता आहे त्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः गेल्या काही वर्षांतील घटना नुसत्या आठवल्या तरी हा रस्ता किती धोक्याचा आहे हे ध्यानात येईल. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन दिवाळीत, आंध्र प्रदेशातील एलुरू शहरात ‘कांदा बॉम्ब’ नावाचे फटाके घेऊन चाललेली एक स्कूटर रस्त्यातील खड्ड्यात आदळली आणि स्फोट झाला. चालविणारा ठार झाला, सहा जण जखमी झाले. त्याआधी तीन वर्षे, ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, पुदुच्चेरीच्या सीमेवर गावठी फटाक्यांच्या पिशव्या घेऊन स्कूटरवरून घरी निघालेला बाप आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा असेच भर रस्त्यात मेले. ८ फेब्रुवारी २०२० रोजी पंजाबच्या तरनतारन जिल्ह्यात नगरकीर्तनाच्या मिरवणुकीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आतषबाजीचे सामान चालले होते. त्याचा भडका उडाला आणि किमान दोघांचे प्राण गेले. स्कूटर, ट्रॉली, ट्रक! वाहन लहानमोठे असेल. परंतु जो पदार्थ त्यात भरला आहे त्याचा स्वभाव एकच.

हा स्वभाव काय आहे, हे समजून घेणे जरूर आहे. लाकूड वा कापूस जळतो तो हवेतील प्राणवायूवर. हवा कोंडली तर आग मरते. शोभेच्या दारूत सोऱ्यासारखी द्रव्ये असतात आणि ती आपला प्राणवायू आपल्याबरोबरच आणतात. म्हणून पेटलेल्या फटाक्यांच्या खोक्यावर ताडपत्री टाकून किंवा माती लोटून आग विझेल ही समजूत व्यर्थ होय. दुसरे असे की, ही दारू पेटावयास ठिणगीच लागते असे नाही. घर्षण पुरते, आघात पुरतो. ढिल्या बांधणीच्या खोक्यातून सांडलेली पूड ट्रकच्या लोखंडी तळाशी खडखडत राहिली, वर उघडा खिळा असला, की काम झाले. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण तर या बाबतीत इतके चंचल आहे की, केंद्र सरकारने १९९२ सालीच ते बनविण्यास व बाळगण्यास बंदी केली. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उघड्यावर सुटा पडलेला फटाका जळतो. तोच माल बंद लोखंडी पेटाऱ्यात हजारोंच्या संख्येने कोंबला की जळणे राहात नाही, त्याचा स्फोट होतो. चीनच्या हेनान प्रांतात १ फेब्रुवारी २०१३ रोजी नववर्षासाठी फटाके घेऊन निघालेला एक ट्रक महामार्गाच्या पुलावर फुटला, तेव्हा त्या पुलाचा सुमारे ८० मीटरांचा भाग कोसळला आणि वरून जाणारी वाहने खाली दरीत पडली. किमान १० माणसे मेली. पूल पाडणारा हा माल म्हणजे मुलांच्या हाती द्यावयाचे खेळणेच होते!

तेव्हा कायदा नाही काय? आहे, आणि तो आजचा नाही. स्फोटक पदार्थांचा अधिनियम १८८४ सालचा आहे. त्याखालचे आजचे नियम २००८ सालचे असून त्यांत शोभेच्या दारूस स्फोटकांच्या सातव्या वर्गात स्थान दिलेले आहे. या नियमांची अंमलबजावणी पाहणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना ही केंद्रीय संस्था आपल्याच नागपुरात ठाण मांडून आहे. स्फोटके प्रवासी वाहनातून नेऊ नयेत. पेट घेणाऱ्या अन्य मालाबरोबर ती भरू नयेत. सर्वसाधारणपणे सूर्यास्तानंतर त्यांची चढउतार करू नये. १८ वर्षांखालील मुलास त्यांच्या कामास लावू नये. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे हे स्पष्ट लिहावे, असे हे नियम सांगतात. मोटार वाहनांचे १९८९ चे केंद्रीय नियम त्यात आणखी भर घालतात. धोक्याचा माल नेणाऱ्या वाहनाच्या अंगावर ठरावीक चिन्ह आणि आपत्तीच्या वेळी उपयोगी पडेल अशी माहितीची पाटी असली पाहिजे; चालकाने त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे; आपण काय नेतो आहोत आणि आग लागली तर काय करावयाचे, हे सांगणारा कागद त्याच्यापाशी असला पाहिजे. आणि ही सर्व माहिती पुरविण्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर आहे, हेही त्यात स्वच्छ लिहिले आहे.

मुंबईच्या जुन्या पिढीस या नियमांमागील अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्याच सोबतीला कराचीहून चढविलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. आग कापसात धुमसली आणि स्फोटकांपर्यंत गेली. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. दरवर्षी त्या तारखेस आपण त्यांना मानवंदना देतो. कापूस आणि दारू एका खणात ठेवू नये एवढाच जर त्या बलिदानाचा धडा असेल, तर तो आपण कितपत शिकलो याचा शोध मानवंदनेच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या पार्सल गोदामात जाऊन घ्यावा.

कारण खरा दोष येथे आहे. ज्या ट्रकवर चिन्ह आहे, ज्याच्या बिल्टीवर ‘फटाके’ असे लिहिले आहे, ज्याचा चालक शिकलेला आहे, त्याची आम्हांस फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती ज्या खोक्यांच्या बिल्टीवर ‘स्टेशनरी’, ‘खेळणी’ किंवा नुसते ‘जनरल माल’ असे लिहून ती कापडाच्या गाठी, रंगाचे डबे आणि प्लॅस्टिकच्या बादल्या यांच्यामध्ये दडविली जातात त्यांची. हमाल ती पाठीवरून फेकतो, कारण त्याला ती खेळणी वाटतात. क्लीनर त्यांच्यावर बसून विडी ओढतो. आग लागली तर अग्निशामक दलाचे जवान कापसाची आग समजून जवळ जातात. नियमांच्या पुस्तकातील प्रत्येक कलम या एका खोट्या शब्दाने निकामी होऊन जाते.

नाव खोटे असले म्हणजे काय होते ते युरोपातील एका श्रीमंत व शिस्तप्रिय देशानेही भोगले आहे. हॉलंडमधील एन्स्खेडे शहरात १३ मे २००० रोजी भरवस्तीतील फटाक्यांचे एक गोदाम उडाले. २३ माणसे मेली, त्यांत अग्निशामक दलाचे चार जवान होते, आणि सुमारे ४०० घरे जमीनदोस्त झाली. तेथे परवाना होता, नोंदी होत्या, खोक्यांवर चिठ्ठ्याही होत्या. परंतु कागदोपत्री सौम्य वर्गाचा म्हणून नोंदलेला माल प्रत्यक्षात त्याहून जहाल होता. जवान त्या चिठ्ठ्यांच्या हिशेबाने आगीशी झुंजावयास गेले. हॉलंडात चिठ्ठी चुकीची होती. आपल्याकडे ती नसतेच.

आता व्यापारी खोटे नाव का लिहितो, याचाही शांतपणे विचार केला पाहिजे. तो दुष्ट आहे असे म्हणून प्रश्न सुटत नाही. फटाके आहेत असे खरे सांगितले की पुष्कळ ट्रान्सपोर्टवाले माल घेण्यास नकार देतात. जे घेतात ते अख्ख्या गाडीचे भाडे मागतात. लहान गावच्या दुकानदारास वीस-पंचवीस खोकी हवी असतात. त्याने अख्खी गाडी कोठून करावी? तेव्हा तो पार्सलचा रस्ता धरतो, आणि पार्सलच्या रस्त्याला खोटे नाव लागते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांच्या ऑनलाइन विक्रीस मनाई केली. तरीही शिवकाशीच्या मालाच्या किमतींच्या याद्या आपल्या भ्रमणध्वनीवर येऊन थडकतात. ‘चौकशी’ म्हणून मागणी नोंदविली जाते आणि माल ट्रान्सपोर्टने येतो. तो कोणत्या नावाने येत असेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

फटाके समूळ बंद करावेत, म्हणजे वाहतुकीचा प्रश्नच उरणार नाही, असे म्हणणारा एक प्रामाणिक वर्ग आहे. धुराविषयीची त्यांची तक्रार रास्त आहे आणि त्याविषयी आमचा त्यांच्याशी वाद नाही. परंतु दिल्लीचे उदाहरण त्यांनी डोळ्यांपुढे ठेवावे. २०२० पासून २०२४ पर्यंत प्रत्येक दिवाळीत तेथे फटाक्यांवर बंदी होती, आणि प्रत्येक दिवाळीच्या रात्री तेथे फटाके वाजले. ते आकाशातून पडले नव्हते. कोणत्या ना कोणत्या गाडीत, कोणत्या ना कोणत्या पोत्याखाली दडून ते शहरात शिरले होते. बंदीने दिल्लीचा धूर किती कमी झाला हे तज्ज्ञांनी सांगावे. तिने गाडीतील पेटीवरचे नाव मात्र नक्कीच पुसून टाकले.

मराठीत ‘दारू’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि आपल्या सरकारला त्यांपैकी एकच ठाऊक असावा असा संशय येतो. गोव्याहून येणाऱ्या गाडीत पिण्याच्या दारूच्या चार बाटल्या असतील या शंकेने नाक्यावर तिची डिकी उपसली जाते, जागा उचकटल्या जातात. त्याच नाक्यावरून दुसऱ्या दारूचे ट्रक दिमाखात निघून जातात. पहिल्या दारूत महसूल आहे. दुसरीत केवळ माणसांचे जीव आहेत, असा याचा अर्थ लावला तर तो सरकारला झोंबू नये.

शिक्षेची गोष्टही अशीच. १८८४ च्या अधिनियमान्वये नियम मोडून स्फोटके बाळगणाऱ्यास, विकणाऱ्यास वा नेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा, अशी तरतूद केलेली आहे. कैद आहे खरी. पण ‘किंवा’ हा शब्द वकिलांच्या फार उपयोगी पडतो. दिवाळीच्या हंगामात एका ट्रकभर मालावर सुटणाऱ्या नफ्यापुढे ३००० रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च. उलट धोक्याच्या मालाविषयीचा नियम मोडून वाहन हाकणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मोटार वाहन कायद्याने पहिल्याच गुन्ह्यास १०,००० रुपये दंड ठेवला आहे. वाहन हाकावयास लावणारा मालकही त्या कलमात सापडू शकतो, परंतु रस्त्यावर हाती लागतो तो चालकच. खोटे नाव लिहून पेटी पाठविणाऱ्यास तीन हजार, आणि पेटीत काय आहे हे न कळता ती वाहणाऱ्यास दहा हजार! केंद्र सरकारने २०२४ मध्ये नव्या स्फोटके विधेयकाचा मसुदा पुढे आणून त्यात हा तीन हजारांचा दंड ५०,००० करण्याचे सुचविले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र दंडाचा आकडा वाढविल्याने तो कुणाकडून वसूल करावयाचा हा प्रश्न सुटत नाही. आमचे म्हणणे असे की, बिल्टीवर खोटे नाव घालणे हाच एक स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा मानला गेला पाहिजे आणि अपघात झाला अथवा माल पकडला गेला तर पहिली फिर्याद माल पाठविणाऱ्यावर दाखल झाली पाहिजे. आज अपघातानंतर गुन्हा नोंदविला जातो तो बहुधा वाचलेल्या चालकावर. आणि तोही मेला असेल तर ‘अज्ञाता’वर.

कारभाराची दुसरी अडचण अशी की, या विषयाचे तुकडे पाडून ते तीन ठिकाणी वाटून दिलेले आहेत. कारखाने आणि मोठे साठे नागपूरच्या केंद्रीय कार्यालयाकडे. हंगामी दुकानांचे परवाने जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे. रस्त्यावरील वाहने परिवहन खात्याकडे. माल कारखान्यातून निघाला हे पहिल्यास ठाऊक, दुकानात पोहोचला हे दुसऱ्यास ठाऊक. मधला प्रवास तिसऱ्याच्या अखत्यारीत, आणि त्याला कुणी काही कळवीत नाही. हंगामी दुकानांबाबत नियम चांगलेच काटेकोर आहेत: दोन दुकानांत तीन मीटरांचे अंतर, दुकाने समोरासमोर नसणे, एका जागी पन्नासाहून अधिक दुकाने नसणे. तरीही २०१६ च्या दिवाळीत औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाक्यांचा अख्खा बाजार भस्मसात झाला. दुकानांतील अंतर मोजणारा अधिकारी तेथे येणाऱ्या टेम्पोंची मोजदाद करीत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे.

वास्तविक ही मोजदाद सरकारदरबारी आधीच होत असते, हे फार थोड्यांच्या लक्षात आले असेल. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावयाचा तर ई-वे बिल काढावे लागते. त्यात मालाचा सांकेतिक क्रमांक असतो, गाडीचा क्रमांक असतो, कोठून कोठे जावयाचे ते असते. शोभेच्या दारूसाठी ३६०४ हा क्रमांक आहे. म्हणजे शिवकाशीहून राजरोस निघालेली कोणती गाडी मुंबईकडे येत आहे हे कर खात्याच्या संगणकास कळते. पुण्याच्या अग्निशामक दलास आणि खंडाळ्याच्या महामार्ग पोलिसांस कळत नाही. ही माहिती एका खात्याच्या संगणकावरून दुसऱ्याकडे धाडण्यास नवा कायदा नको, नवी कचेरी नको. चोरून येणारा माल याने सापडणार नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो खरा आहे. परंतु सचोटीने येणाऱ्या गाड्या कोणत्या हे एकदा कळले म्हणजे उरलेल्यांकडे पाहावयास पोलिसांस फुरसत तरी मिळेल. शिवाय खोट्या नावाने आलेला माल ही करचुकवेगिरीही आहे, आणि त्या गुन्ह्याच्या मागे आपली खाती किती उत्साहाने लागतात हे सर्वश्रुत आहे.

येथवर आम्ही सरकार व व्यापारी यांच्याविषयी लिहिले. आमच्या वाचकांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. घरच्या वापरासाठी थोडे फटाके नेणाऱ्या गृहस्थास कायदा परवान्याची सक्ती करीत नाही. परंतु प्रवाशांनी भरलेल्या वाहनातून ते नेण्याची मुभा त्यालाही नाही. रेल्वे कायद्याने तर डब्यात असा माल आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. तरीही दादरला वा भुलेश्वरला खरेदी करून फटाक्यांची पिशवी मांडीवर घेऊन लोकलने घरी येणारी, मुलाबाळांसह गावी जाताना आरामबसच्या पोटात कपड्यांच्या बॅगांबरोबर फटाक्यांचे खोके सरकवून देणारी माणसे सुशिक्षितच असतात. आरामबसच्या त्या कप्प्यात आपल्या खोक्याशेजारी आणखी काय आहे, हे त्यांनी कधी विचारले आहे काय? २४ ऑक्टोबर २०२५ रोजी हैदराबादहून बंगळूरला निघालेली शयनबस कर्नूलजवळ जळाली आणि १९ प्रवासी मेले. तेथे फटाके नव्हते. अपघाताचे मूळ एका मोटारसायकलशी झालेल्या टकरीत होते. परंतु सामानाच्या कप्प्यात दोनशेहून अधिक स्मार्टफोनांचे पार्सल होते आणि त्यांतील बॅटऱ्यांनी आग भडकविली, असे तपासणाऱ्यांचे मत पडले. प्रवाशांच्या झोपण्याच्या जागेखाली परक्याचा माल वाहण्याची ही जी चाल पडली आहे ती मोडली पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर तरी प्रत्येक खासगी बसच्या तळाचा कप्पा सुटण्यापूर्वी तपासला जावा, आणि त्यात भाड्याचे पार्सल आढळले तर बस जागची हलू नये.

खोट्या नावाचा मोह संपवावयाचा असेल तर खऱ्या नावाने माल आणण्याची वाट सोपी करून दिली पाहिजे. लहान दुकानदारांना एकत्र येऊन एक परवानाधारक गाडी करता यावी. ती गाडी शहराबाहेर, वस्तीपासून दूर, दिवसाउजेडी उतरावी. आणि तेथून लहान वाहनांनी माल दुकानात जावा. अशी एकेक जागा प्रत्येक मोठ्या जिल्ह्यात हंगामापुरती नेमून देणे महसूल खात्यास अवघड नाही. केवळ शिवकाशीच्याच नव्हे, आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेरखेड्याच्या मालासही हीच व्यवस्था लागू करावी. चालकाजवळ असावयाचा सूचनांचा कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा. तामिळ चालकाच्या खिशात इंग्रजी कागद ठेवून नियमाचे पोट भरेल, आग विझणार नाही. आणि परवान्याचे अर्ज दिवाळीच्या आदल्या आठवड्यापर्यंत टेबलावर पडून राहण्याची जी रीत आहे ती बंद व्हावी. परवाना उशिरा मिळाला की माल घाईने येतो, रात्री उतरतो आणि मिळेल त्या टेम्पोत कोंबला जातो.

यासाठी गृह, परिवहन, महसूल आणि कर या खात्यांच्या अधिकाऱ्यांना व नागपूरच्या स्फोटके संघटनेच्या प्रतिनिधीला एकाच मेजाभोवती बसवावे लागेल. ही बैठक मुख्यमंत्र्यांनी श्रावणातच बोलवावी, ट्रकवाल्यांच्या आणि हमालांच्या संघटनांनाही तीत जागा द्यावी, आणि माल उतरविण्याच्या जागा कोणत्या ठरल्या ते गणपतीपूर्वी जिल्हावार जाहीर करावे.